गुरुजींच्या हातात बंदूक द्यायची का? खेडमधून बघताना

(या भागात बोललेला मजकूर, थोडासा नीट लावून.)

पाऊस असो नाहीतर ऊन, कानात इयरफोन घालून एसटीत बसलेल्या, भरणे नाक्यावर गाडीची वाट बघणाऱ्या, आणि रात्री लाईट गेली म्हणून मोबाईलवर काहीतरी ऐकत पडलेल्या सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय पहिल्यांदा ऐकला की वाटतं, हे काय अमेरिकेचं आपल्याकडे आणलंय! विषय असा आहे: शाळेत शिक्षकांकडे बंदूक असावी का?

तुम्ही म्हणाल, अरे बाबा, आमच्या शाळेत खडू वेळेवर येत नाहीत, बंदूक कुठून येणार? बरोबर आहे. पण गेल्या काही वर्षांत मोबाईलवर एक गोष्ट सारखी दिसते. कुठल्या तरी शाळेत गोळीबार होतो, त्याचा व्हिडिओ येतो, आणि लगेच कोणीतरी म्हणतं, "शिक्षकाकडे पिस्तूल असतं तर ही मुलं वाचली असती." ऐकायला हे पटतं. मलाही ते वाक्य सहज उडवून लावता येत नाही. म्हणून आधी त्या बाजूचं नीट ऐकून घेऊ.

त्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा वेळेचा आहे. २४ मे २०२२ ला अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत एक तरुण रायफल घेऊन घुसला. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. पोलीस काही मिनिटांत पोचले होते. हळूहळू पावणेचारशेच्या आसपास पोलीस आणि इतर सशस्त्र जवान जमले, पण वर्गात शिरून त्याला संपवायला ७७ मिनिटं लागली. म्हणजे मुलं आत, बंदुकवाले बाहेर. अशा वेळी कोणालाही वाटणारच की वर्गातल्या बाईंकडेच काहीतरी असायला हवं होतं.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. २० जानेवारी २०१६ ला पाकिस्तानात चारसद्दा इथल्या बाचा खान विद्यापीठावर दहशतवाद्यांनी हल्ला केला. तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक सय्यद हमीद हुसेन यांनी स्वतःच्या पिस्तुलातून गोळ्या झाडून हल्लेखोरांना थोपवलं, म्हणून आम्हाला पळता आलं, असं वाचलेल्या विद्यार्थ्यांनी सांगितलं. ते स्वतः मारले गेले. त्या माणसाच्या धैर्यापुढे हातच जोडायला हवेत.

आता हेच खेडमध्ये लावून बघा. खेडचं पोलीस ठाणं शहरात. रसाळगडाच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतल्या शाळेत काही झालं, तर ११२ वर फोन लावायचा, तोही रेंज मिळाली तर, आणि मग घाटाच्या रस्त्याने गाडी यायची. तोपर्यंत शाळेत मोठं माणूस कोण? एक गुरुजी, फार तर दोन. म्हणजे "मदत लांब आहे" हा मुद्दा टेक्सासपेक्षा आपल्याकडे जास्त लागू पडतो. इथपर्यंत मी त्यांच्या बाजूने आहे.

पण पुढची पायरी, म्हणजे "म्हणून गुरुजींना बंदूक द्या", ती मला पटत नाही. का, ते सांगतो. आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही, कारण बंदूक ही वस्तू कोकणाला नवीन नाहीये.

आपल्या गावागावांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका आहेत. रानडुक्कर एका रात्रीत भाताचा खाचर उलथून टाकतं, वानरं नारळ, आंबा, काजू काही सोडत नाहीत, म्हणून हे परवाने. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. नळीत दारू आणि छरे घालून गजाने ठासायचे, ती बंदूक. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हीच बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते, आणि मग शेतकरी वैतागतो, की डुकराला आचारसंहिता कोण सांगणार?

ज्यांच्या घरात अशी बंदूक आहे, त्यांनी आजोबा ती कशी ठेवायचे ते आठवून बघा. बंदूक रिकामी. दारू वेगळीकडे. बंदूक उंच, पोरांचा हात पोचणार नाही अशी, नाहीतर कुलपात. आणि पोरांना दम दिलेला, "हात लावलास तर बघ!" ही काळजी काही कायद्याचं पुस्तक वाचून आलेली नाही. भरलेली बंदूक आणि लहान मूल एका खोलीत ठेवायचं नाही, हे घरातल्या माणसाला कळत होतं.

आता हा नियम वर्गात लावा. बंदूक सुरक्षित ठेवायची तर ती रिकामी हवी, गोळ्या वेगळ्या हव्यात, कुलूप हवं. पण हल्लेखोर दारात आला तर तिचा उपयोग व्हायचा म्हणजे ती भरलेली हवी आणि हाताशी हवी. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत नाहीत. घरात रात्री पोरं झोपलेली असतात. शाळेत तीस पोरं गुरुजींच्या अवतीभवती दिवसभर असतात. वही दाखवायला अंगावर येतात, पहिलीतली तर मांडीवर चढतात. त्या गुरुजींच्या कमरेला भरलेलं पिस्तूल, हे डोळ्यांसमोर आणून बघा.

बरं, हे नुसतं घाबरवायला बोलत नाहीये. हे करून बघितलेला एक प्रांत आहे. १६ डिसेंबर २०१४ ला पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर हल्ला झाला. १३० हून जास्त मुलं मारली गेली. जगातल्या कोणत्याही आईबापाची झोप उडावी अशी ती घटना. त्यानंतर तिथल्या खैबर पख्तुनख्वा प्रांताने शिक्षकांना शस्त्र बाळगायला परवानगी दिली, प्रशिक्षणही दिलं. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, त्याच प्रांतातल्या स्वात भागात एका शिक्षकाच्या हातून बंदूक साफ करताना गोळी सुटली आणि त्याच्याच शाळेतला एक लहान विद्यार्थी गेला. ज्या मुलांना वाचवायला ती बंदूक आणली, त्यातल्याच एकाला ती लागली.

आता भारतात येऊ. आपल्याकडे शाळेतला गोळीबार म्हणजे बाहेरून कोणीतरी घुसला असंच डोक्यात येतं. पण झालेल्या घटना बघा.

डिसेंबर २००७, गुडगाव. आठवीतल्या मुलांनी वर्गमित्राला शाळेत गोळी घातली. पिस्तूल घरून आणलेलं. जानेवारी २०१८, हरियाणातलं यमुनानगर. बारावीच्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापिकेवर गोळ्या झाडल्या, त्या गेल्या. रिव्हॉल्व्हर वडिलांचं, परवान्याचं. जुलै २०२४, बिहारमधलं सुपौल. पाच वर्षांचं, नर्सरीतलं पोरगं दप्तरातून पिस्तूल घेऊन आलं, आणि तिसरीतल्या मुलाच्या हाताला गोळी लागली. डिसेंबर २०२४, मध्य प्रदेशातलं छतरपूर. बारावीच्या विद्यार्थ्याने प्राचार्यांना गोळी घालून मारलं. ऑगस्ट २०२५, उत्तराखंडमधलं काशीपूर. नववीतल्या मुलाने जेवणाच्या डब्यात लपवून आणलेल्या कट्ट्याने, तास संपवून निघालेल्या शिक्षकांवर गोळी झाडली. आधी त्याला थप्पड मारली होती, त्याचा राग.

या पाचही ठिकाणी बंदूक कोणी आणली? शाळेतल्याच मुलाने. भिंत चढून आलेला कोणी नव्हता. हजेरीपटावर नाव असलेला होता.

आता मला सांगा, यातल्या कुठल्या ठिकाणी शिक्षकाकडे पिस्तूल असून फरक पडला असता? वर्गाबाहेर पडताना, ओळखीच्या मुलाकडे पाठ असताना गोळी येते, तेव्हा कमरेचं पिस्तूल काय करणार? आणि समजा, वेळ मिळाला. गुरुजींनी कोणावर नेम धरायचा? ज्याला कालपर्यंत बीजगणित शिकवलं त्याच्यावर? पाच वर्षांच्या पोरावर? शिक्षकाने विद्यार्थ्यावर गोळी झाडायची तयारी मनात ठेवून रोज वर्गात यायचं, आणि त्याच मुलांनी त्याला मनातलं सांगायचं, हे जमणार आहे का?

इथे एक गंमत बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारणं बंद केलं. शारीरिक शिक्षा नाही, मानसिक त्रासही नाही. म्हणजे आपण कायद्याने गुरुजींच्या हातातली छडी काढून घेतली. का? रागाच्या भरात माणसाचं भान सुटतं आणि पोराला कायमचं दुखणं होतं, हे आपण बघितलं म्हणून. मग ज्या हातात छडी नको म्हटलं, त्याच हातात पिस्तूल द्यायचं?

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. शिक्षकांना शिकवण्याव्यतिरिक्त फक्त तीन प्रकारची कामं देता येतात: जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक. एवढी तीन असूनसुद्धा आपले गुरुजी आणि बाई किती ठिकाणी ओढले जातात ते तुम्ही बघताच. मतदार यादी, पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाईन माहिती भरायची, सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री अकराला भरायची. दोन शिक्षकी शाळेत एक जण तालुक्याला मीटिंगला गेला की चार इयत्ता एकाच्या गळ्यात. अशा माणसाला सांगायचं, की आता पहारासुद्धा कर. ज्याचं लक्ष आधीच दहा ठिकाणी वाटलंय, त्याच्याजवळ अशी वस्तू ठेवायची, जिच्यावरून मिनिटभर लक्ष हटवून चालत नाही.

"पण प्रशिक्षण देऊ की," असं उत्तर येतं. ठीक. प्रशिक्षण घेतलेल्या माणसांकडे बघू.

१४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १७ जण मारले गेले. शाळेत नेमलेला सशस्त्र पोलीस हजर होता. तो इमारतीत शिरलाच नाही. मी त्याला भित्रा म्हणणार नाही. मी एवढंच म्हणतो, की बंदूक आणि ट्रेनिंग असलं तरी त्या क्षणी माणूस काय करेल ते सांगता येत नाही.

आपल्याकडचं बघा. ३० ऑक्टोबर २०२५, मुंबईत पवई. ऑडिशनच्या नावाखाली बोलावलेल्या १७ मुलांना एका माणसाने स्टुडिओत कोंडून ठेवलं. शाळांच्या एका सरकारी उपक्रमाचे पैसे थकल्याची त्याची तक्रार होती. महाराष्ट्रातल्या सगळ्या आईबापांचा जीव त्या दुपारी टांगणीला लागला होता. पोलीस त्याच्याशी बोलत राहिले, वेळ काढला, आणि मग बाथरूमच्या बाजूने आत शिरले. गोळी झाडली गेली, त्यात तो माणूस मेला, मुलं सगळी सुखरूप बाहेर आली. त्याच्याकडे होती ती एअरगन. आता त्या खोलीत एखाद्या शिक्षकाकडे पिस्तूल आहे असं धरा. समोरची बंदूक खरी की एअरगन, ते त्याला कसं कळणार? मधे १७ मुलं. नेम चुकला तर? बाहेर शांतपणे बोलत वेळ काढणारी माणसं होती, म्हणून मुलांना धक्का लागला नाही.

आणि आता बदलापूर. हे बोलायला जड जातं, पण बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केले. २० ऑगस्टला हजारो लोक रुळांवर उतरले, लोकल बंद पडल्या. लोकांचा राग कशाचा होता? शाळेने वेळेवर कळवलं नाही. पालकांना तक्रार नोंदवायला तासन् तास थांबावं लागलं. सीसीटीव्हीचं चित्रण मिळालं नाही. यात कुठे बंदुकीची कमी होती? कमी होती ती साध्या कामांची. माणूस नेमताना चौकशी करणं, लहान मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ बाईमाणूस असणं, मूल काही सांगतंय तर ऐकणं. पोक्सो कायद्यात तर गुन्हा माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे.

त्याच प्रकरणाचा पुढचा भाग. २३ सप्टेंबर २०२४ ला आरोपी पोलिसांच्या गाडीत मारला गेला. पोलीस म्हणाले, त्याने एका पोलिसाचं पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून आम्ही झाडली. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांचं हे म्हणणं टिकलं नाही. त्यातलं खरं-खोटं ठरवायला न्यायालय आहे. पण आपल्या विषयापुरता विचार करा. पोलिसांचं म्हणणं खरं धरलं, तर शिकलेल्या पोलिसाच्या कमरेचं पिस्तूलही बंद गाडीत हिसकावता येतं. मग चाळीस मुलांच्या वर्गात गुरुजींचं किती वेळ राहील? आणि खोटं धरलं, तर हातात बंदूक असलेला माणूस रागाच्या भरात स्वतःच न्यायाधीश होऊ शकतो. दोन्ही बाजूंनी शाळेला शिकण्यासारखं एकच आहे.

बरं मग, नुसतं "नको" म्हणून उठायचं का? नाही. मदत लांब आहे हा मुद्दा मी मान्य केलाय, तर त्याचं उत्तर द्यायला हवं.

पहिलं. खेडमधल्या मुलाला खरा धोका कुठून आहे ते मोजा. जगबुडी जुलैत पात्र सोडते, बाजारपेठेत पाणी घुसतं, मुलं वऱ्यापलीकडून शाळेत येतात. २२ जुलै २०२१ ला पोसरे खुर्दला दरड कोसळून अख्खी वाडी दुःखात बुडाली. लोट्याला रासायनिक कारखाने आहेत. साप-विंचू तर आहेतच. शाळेत पूर आला तर काय करायचं, वायूचा वास आला तर वाऱ्याच्या कुठल्या बाजूला जायचं, साप चावला तर कोणाची गाडी, कुठलं रुग्णालय, हे शाळेत भिंतीवर लिहिलंय का? वर्षातून दोनदा त्याचा सराव होतो का? हाच सराव कोणी माथेफिरू आला तरी कामाला येतो. दार आतून बंद करणं, मुलांना मागच्या बाजूने काढणं, कोणी कोणाला फोन लावायचा हे आधी ठरवणं.

दुसरं. शाळा व्यवस्थापन समिती. सरकारी शाळेत तिच्यात पाऊणभाग पालक असतात, कायद्याने. सखी सावित्री समितीचा शासन निर्णय २०२२ चा आहे. तक्रारपेटी असायला हवी. बदलापूरनंतर सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांचे आदेश निघाले. तुमच्या धाकट्या भावंडाच्या शाळेत यातलं काय आहे? पेटी आहे, पण शेवटची कधी उघडली? कॅमेरा आहे, पण चालतो का? हे विचारायला तुम्हाला पालक असायची गरज नाही. तुम्ही त्या शाळेत शिकलात, तेवढं पुरे.

तिसरं, आणि हे खास तुमच्यासाठी, म्हणजे जे अजून शाळा-कॉलेजात आहेत. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २००२ मध्ये शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाचपैकी चार घटनांत हल्ला करणाऱ्याच्या मनातलं आधी निदान एका माणसाला तरी माहीत होतं. बहुतेकदा ते माणूस म्हणजे त्याचा मित्र किंवा वर्गातलंच कोणीतरी. म्हणजे बातमी आधी पोरांकडे असते, गुरुजींकडे नाही. तुमचा मित्र कट्ट्याचे फोटो टाकतोय, "त्या सरांना दाखवतोच" म्हणतोय, तर ते हसण्यावारी नेऊ नका. सांगणं म्हणजे चहाडी नाही. ज्या बाईंवर, ज्या गुरुजींवर विश्वास आहे त्यांना सांगा. १०९८ आहे, मुलांसाठीच. आणि त्या मुलाला सुद्धा कोणीतरी वेळेवर हात धरायला हवा असतो, हे विसरू नका. काशीपूरच्या त्या मुलाचंही आयुष्य त्या एका गोळीने उलटंपालटं झालं.

चौथं. घरात परवान्याची बंदूक असेल तर आज रात्री एवढंच बघा. ती कुलपात आहे का? किल्ली कुठे आहे, हे घरातल्या सातवीतल्या पोराला माहीत आहे का? शाळेत आलेली बंदूक बहुतेकदा कोणाच्या तरी घरून आलेली असते, हे आपण मघाशीच बघितलं. म्हणजे शाळेच्या सुरक्षेची सुरुवात तुमच्या पडवीतून होते.

आणि हो, पुरुषार्थाच्या गप्पा मारणाऱ्यांना एक सांगायचंय. बंदूक घेतली म्हणजे गुरुजी शूर, आणि नाही घेतली म्हणजे भित्रे, असं काही नसतं. पुराच्या पाण्यात पोरांना एकेक करून पलीकडे पोचवणाऱ्या शिक्षकाच्या हातात काय असतं? पोराचा हात. तो सोडल्याशिवाय बंदूक धरता येत नाही.

माझं मत मी सांगितलं. तुमचं वेगळं असेल तर जरूर कळवा, विशेषतः तुम्ही शिक्षक असाल, किंवा घाटाकडच्या एखाद्या एकशिक्षकी शाळेत शिकला असाल तर. तुमच्या शाळेत काही झालं तेव्हा मदत किती वेळात आली, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि त्या तक्रारपेटीचं नक्की विचारा. भेटू!